विधवेच्या बाजूने कोण बोलणार?

सामान्यकाळातील एकोणतिसावा रविवार (लूक १८:१-८)



आजच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते. तिच्याकडे पैसा नाही, कोणाची ओळख नाही. आहे तो फक्त तिचा आवाज. न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसांची पर्वा करत नाही. शेवटी तिच्या तगाद्याला कंटाळून तो न्याय देतो. न खचता प्रार्थना करावी म्हणून प्रभू येशूने हा दाखला दिला. पण या खेपेस तो वाचताना आमच्या मनात एक साधा प्रश्न आला : या बाईच्या बाजूने बोलायला गावात एकही माणूस नव्हता काय?

हा प्रश्न मनात यायला कारण घडले. आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीनंतर राज्याची सीईटी देऊन तीन वर्षांचे एलएल.बी. करायचे, असे तिने ठरवले आहे. मिस्सानंतर ती आशीर्वाद मागायला आली. सोबत आजी होती. आजी म्हणाली, "फादर, चेडवाक वकिली कित्याक व्हयी? थंय खोटा बोलूचा लागता." मुलगी काही बोलली नाही, नुसती आमच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी आम्ही हसून विषय टाळला. आजीला द्यायचे उत्तर आज देतो.

आपल्या भागात बॅरिस्टर म्हटले की वेंगुर्ल्यात जन्मलेले नाथ पै आठवतात. आज आपल्याच महाराष्ट्रातल्या आणखी एका बॅरिस्टरची ओळख करून घेऊ. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली नाशिकला एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. परीक्षेतल्या यशावर त्यांना विलायतेत शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती स्त्री म्हणून नाकारली गेली. हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, पण स्त्रियांना पदवी देण्याचा नियम नसल्याने पदवी हाती पडली ती १९२२ साली. तीस वर्षांनी! भारतात स्त्रियांना वकिली करण्याची मुभा देणारा कायदा १९२३ मध्ये आला.

मधली वर्षे त्यांनी रडत काढली नाहीत. बंगाल-बिहारकडे पडद्यात राहणाऱ्या अनेक विधवांच्या नावावर जमीनजुमला होता. परपुरुषासमोर येता येत नसल्याने त्या वकिलाशी बोलू शकत नव्हत्या, आणि त्यांचे हक्क कारभारी व नातेवाईक गिळत होते. १९०४ पासून सरकारी सल्लागार म्हणून कॉर्नेलियाबाई त्यांच्या घरात गेल्या, त्यांचे ऐकले, कागद वाचले आणि त्यांची बाजू मांडली. सुमारे सहाशे स्त्रिया व अनाथ मुलांना त्यांचा आधार मिळाला.

आता आमच्याबद्दल एक गोष्ट कबूल करतो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक विधवा आमच्याकडे कागद घेऊन आली. नवरा जाऊन वर्षही झाले नव्हते. घरच्यांनी तिला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितले होते. "फादर, सही करू काय?" तिने विचारले. आम्ही म्हणालो, "घरातले भांडण कोर्टात नेऊ नये. सही कर, शांती राहील." तिने सही केली. पुढे तिला मुलांना घेऊन माहेरी भावाकडे राहावे लागले.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो होतो. कायदा म्हणजे सर्वांच्या हितासाठी केलेली विवेकाची आज्ञा, हा संत थॉमस अक्वायनस यांचा विचार पाठ होता. पण आपल्या ख्रिस्ती माणसांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा आम्ही उघडून पाहिला नव्हता. नवरा मृत्युपत्र न करता वारला आणि मागे मुले असतील, तर त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा विधवेचा असतो. उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे मिळतात. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. जिथे न्याय द्यायला हवा होता तिथे आम्ही शांतीचा उपदेश केला. अन्यायावर पांघरूण घालणारी शांती ही ख्रिस्ताची शांती नव्हे.

म्हणून आजीबाई, तुमची भीती अगदीच खोटी नाही. कोर्टात खोटे बोलण्याचा मोह असतो. तो दुकानात असतो, मच्छी लिलावात असतो, आमच्या मिशन घरातही असतो. पण वकिलाचे खरे काम खोटे बोलणे हे नाही. ज्याला बोलता येत नाही त्याची खरी बाजू नीट मांडणे, हे त्याचे काम आहे. पवित्र आत्म्यालाही योहानाच्या शुभवर्तमानात कैवारी म्हटले आहे, म्हणजे आपल्या बाजूने उभा राहणारा.

आणि मुली, तुला सांगतो. पदवीचे गुण सांभाळ. मराठीबरोबर इंग्रजीही पक्की कर. सुट्टीच्या दिवसांत मालवणच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बस. न्यायालय सर्वांसाठी उघडे असते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि आपला सिंधुदुर्ग जिल्हा त्यात येतो. मुंबईच्या खेपा टळल्या, तरी जवळ आलेल्या त्या दारापर्यंत आपल्या माणसांना घेऊन जाणारे कोणीतरी हवे.

इतरांनीही एवढे लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. ओरोसला जिल्हा न्यायालयात त्याची चौकशी करा. न समजलेल्या कागदावर सही करू नका, आणि बहिणीला किंवा भावजयीला करायला लावू नका. कोणी कागद घेऊन आमच्याकडे आले, तर यापुढे आम्ही आधी म्हणू : "थांब. वकिलाला दाखवू."

प्रभू, दार ठोठावून थकलेल्या प्रत्येक विधवेचे ऐक. आणि तिच्याबरोबर दाराशी उभी राहतील अशी मुले-मुली आमच्या घरांतून घडव. आमेन.

तुमचे धर्मगुरू