पुण्याचं भारमान

संगमेश्वरला आलेला माणूस बहुधा संगमेश्वरला आलेला नसतो. तो पुढे कुठेतरी निघालेला असतो. कुणाला गणपतीपुळ्याला जायचं असतं, कुणाला मार्लेश्वरला, आणि गोव्याला जाणाऱ्यांना तर मोजदादच नाही. तालुक्याचं नाव संगमेश्वर, पण तालुक्याची कचेरी देवरुखला. म्हणजे ज्यांना नुसता एक दाखला हवा असतो तेही पुढेच जातात. शास्त्री आणि सोनवी या दोन नद्या तेवढ्या इथे मुद्दाम येऊन भेटतात, आणि भेट झाली की त्याही जयगडच्या खाडीकडे चालू लागतात. मी बदली होऊन आलो म्हणून थांबलो आहे. माझाही अर्ज वर गेलेला आहेच.

पण अलीकडे एक नवीन प्रकारचा पाहुणा गावात दिसू लागला आहे. तो रेल्वेने संगमेश्वर रोड स्टेशनवर उतरतो, पाठीला पिशवी, हातात स्टीलची बाटली, आणि पुढे एस.टी.ने जातो. एस.टी.ने जाणं ही काही बातमी नव्हे. १९४८ साली जूनच्या एक तारखेला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून हा महाराष्ट्र एस.टी.नेच जातो आहे. फरक इतकाच, की आम्ही एस.टी.ने जातो आणि हा पाहुणा एस.टी.ने जाण्याचं ठरवतो. त्याच्या कानात एक बोंडूक असतं आणि खिशातला मोबाईल त्यातून त्याला गाव समजावून सांगत असतो. या सगळ्याला जबाबदार पर्यटन म्हणतात, असं मला आमच्या धाकट्या मेव्हण्याने सांगितलं. तो स्वतःच या पंथातला आहे.

"भावोजी, दारात गाडी असून मी गाडी आणली नाही," असं तो उंबऱ्यात पाऊल टाकतानाच म्हणाला. एकादशी करणारी माणसं 'आज मला काही नको' म्हणतात आणि मग साबुदाण्याच्या खिचडीकडे बघतात, तसा त्याचा चेहरा झाला होता. सौ.ने चहा टाकला. त्याने डोंबिवलीपासून इथपर्यंत किती धूर वाचवला त्याचा हिशेब मोबाईलवर काढून दाखवला. आकडा चांगला मोठा होता. हिशेबाला मी हरकत घेतली नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर दुसऱ्याच्या बेरजेला चारचौघांत हरकत घेत नाही. मला प्रश्न पडला तो निराळाच. हा जो धूर वाचला, त्याचं पुण्य जमा कुणाच्या खात्यावर करायचं?

(हे पुण्य, पुणे नव्हे. पुण्याच्या खात्यावर काय जमा करायचं ते पुणेकर स्वतःच ठरवतात.)

हसू नका. बँकेत जमेला नावे लागतं. एका बाजूला आलं तर दुसऱ्या बाजूने गेलंच पाहिजे. मेव्हण्याच्या खात्यावर पुण्य जमा झालं, कारण त्याने दारातल्या गाडीचा त्याग केला. आता त्याच गाडीत पुढच्या बाकावर बसलेली, टोपलीवर फडकं टाकून बाजाराहून परत निघालेली बाई घ्या. ती तीस वर्षं याच रस्त्याने एस.टी.ने जाते. तिने आयुष्यात वाचवलेल्या धुराची बेरीज केली, तर मेव्हण्याचा आकडा तिच्यापुढे सुटे पैसे ठरेल. पण तिच्या खात्यावर काही जमा नाही. कारण तिने त्याग केला नाही. तिच्या दारात गाडीच नव्हती.

म्हणजे पुण्य मिळवायला आधी गाडी विकत घ्यायला हवी, असं होतं. आणि हे काही मी गंमत म्हणून काढलेलं त्रैराशिक नाही. कांट नावाच्या जर्मन पंडिताने १७८५ साली एका पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. तो दुकानदार पोरासोरांनाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो. पण ते धंद्याला बरं म्हणून. कांट म्हणतो, वागणं बरोबर आहे, पण याला नैतिक किंमत नाही. कर्तव्य म्हणून केलं असतं तर होती. आमच्या बाजाराच्या बाईलाही हा न्याय लागतो. तिच्या पदराला कर्तव्यबुद्धीची गाठ नाही, तिकिटाला पुरतील एवढ्या पैशांची आहे. कांटबद्दल आणखी एक सांगण्यासारखं म्हणजे हा गृहस्थ आपल्या कोनिग्सबर्ग गावापासून फार लांब कधी गेलाच नाही, आणि तरी विद्यापीठात वर्षानुवर्षं भूगोल शिकवत राहिला. जगातलं सगळ्यात कमी धुराचं पर्यटन ते हेच.

माझ्यापुरतं मी ते पुण्य सस्पेन्स खात्यात टाकून ठेवलं. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती तिथे जाते.

पहिल्या दिवशी मेव्हणा कसब्यात गेला. मीही गेलो, रविवार होता. कर्णेश्वराचं देऊळ चालुक्यांच्या काळचं; काळ्या दगडात इतकं बारीक काम आहे की मान दुखेपर्यंत वर बघावं. मोबाईल हे सगळं सांगत होता आणि बरोबर सांगत होता. त्याची माझी तक्रार नाही. पुढे त्याने १ फेब्रुवारी १६८९ सांगितली. संभाजी महाराजांना मुकर्रबखानाने पकडलं ते याच गावात. तारीख सांगून झाल्यावर कानातला आवाज म्हणाला, पुढच्या ठिकाणी चला. मेव्हणा चालू लागला आणि दहा पावलांवर थांबला. "भावोजी, इथे बघायचं काय?" खरंच, बघायचं काय? नदी आहे, झाडी आहे, एक स्मारक आहे. जे झालं ते दिसत नाही. इथे माणसाने फक्त उभं राहायचं असतं, आणि किती वेळ ते मोबाईलला ठरवता येत नाही. आम्ही बराच वेळ उभे होतो. त्याने बोंडूक काढून खिशात टाकलं, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी त्याच्याबरोबर देवरुखला आणि तिथून गाडी बदलून मार्लेश्वरला गेलो. डोंगर जवळ आले तसा मोबाईलचा आवाज तुटक होत गेला आणि एका वळणावर 'उजवीकडे आपल्याला दिसेल' एवढं म्हणून गप्पच झाला. उजवीकडे एक म्हैस होती.

आता मेव्हण्याला शेजारी पाहावं लागलं. शेजारी एक आजी होत्या. कोकणात अनोळखी माणसाला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. आजींनी कोकणातला तो एकच प्रश्न विचारला, "कुणाकडं आलास, बाबा?"

मेव्हणा म्हणाला, "कुणाकडे नाही, आजी. बघायला आलोय."

"बघायला?" आजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "या वयात? पहिली कुठं आहे?"

गाडी हसली. कंडक्टरसुद्धा हसला. पण मला तो प्रश्न अजून छळतो आहे. 'कुणाकडे आलात' हा प्रश्न चौकशीचा नाही, हिशेबाचा आहे. माणूस गावात आला म्हणजे कुणाच्या तरी नावावर आला पाहिजे. कुणाकडे तरी तो जेवेल, कुणाचं तरी बरंवाईट ऐकेल, जाताना चार आंबे नेईल आणि पुढच्या खेपेला पोराला वह्या आणेल. पर्यटक म्हणजे कुणाकडेच न आलेला माणूस. तो काही घेत नाही असं तो समजतो, पण बघणं हेही घेणंच असतं. मग त्याची परतफेड कुठे?

ती तिथेच, त्याच गाडीत आहे, असं मला वाटतं, आणि धुराशी तिचा संबंध थोडा. एस.टी.मध्ये 'भारमान' नावाचा एक शब्द आहे. गाडीत बसायच्या जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती, याचं प्रमाण. ज्या फेरीचं भारमान सतत कमी, तिच्यावर गदा येते, आणि मग आठवीतली मुलगी शाळेला चालत जाते किंवा जातच नाही. नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत संप चालला, तेव्हा गाडी म्हणजे काय हे आतल्या गावांना नीट कळलं. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती ते गेले. ज्यांच्याकडे नव्हती ते घरी बसले. घरी बसण्यात धूर अजिबात निघत नाही, पण त्याला कुणी जबाबदार पर्यटन म्हणालं नाही. म्हणून मेव्हण्याच्या तिकिटाची किंमत अशी, की त्याने एक जागा भरली. दुपारच्या रिकाम्या गाडीत तो बसला, आणि त्या फेरीच्या पारड्यात बासष्ट किलो पडले.

हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो खूष झाला. त्याला लगेच खूष होऊ देणं बरं नव्हतं. मी म्हटलं, "हीच गाडी मकरसंक्रांतीला मार्लेश्वराच्या लग्नाच्या दिवशी आली तर?" साखरप्याच्या गिरिजादेवीशी देवाचं लग्न लागतं तेव्हा माणसावर माणूस असतो. किंवा सकाळची शाळेची गाडी घे. तिथे खिडकीशी बसून तू डोंगर बघणार आणि दप्तरवाली पोरगी उभी राहणार. तिथे तुझं तिकीट गाडीला पोसत नाही, जागा खातं. व्हेनिसमध्ये हेच झालं आहे. पाण्यावरच्या बोटी ही तिथली एस.टी.; त्या पाहुण्यांनी इतक्या भरतात, की गावकऱ्याला स्वस्त आणि परक्याला कितीतरी महाग तिकीट ठेवावं लागलं, आणि २०२४ च्या एप्रिलपासून गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं गावात यायलाही पाच युरो पडू लागले. तेव्हा सार्वजनिक गाडीने जाणं चांगलं की वाईट, याला वेळापत्रक बघितल्याशिवाय उत्तर नाही. नीतिशास्त्राच्या पुस्तकाला मागे वेळापत्रक जोडलेलं मी अजून तरी पाहिलेलं नाही.

"म्हणजे मी दुपारची गाडी पकडावी," मेव्हणा म्हणाला.

"आणि पोरांच्या गाडीत उभं राहावंस."

"उभ्याने डोंगर दिसत नाही, भावोजी."

हे मात्र खरं आहे. खिडक्या बसणाऱ्याच्या उंचीच्या असतात.

मार्लेश्वरला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. मेव्हण्याने वाटेत तीन वेळा 'निसर्ग बघू या' असं म्हणून बसकण मारली. वर गुहेत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात देव दिसतो तेवढा दिसतो. सांगणारं कुणी नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं.

परतीला त्याच आजी भेटल्या. त्या लेकीला भेटून घरी निघाल्या होत्या. वय पंचाहत्तरच्या वर, म्हणजे ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. फुकट. पूर्वी त्या लेकीकडे सणावारी जायच्या, आता महिन्यातून दोनदा जातात. कंडक्टरने यंत्रातून त्यांचं शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं, आणि त्यांनी ते नोटेसारखं घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं. मेव्हण्याने पूर्ण तिकीट काढलं आणि त्यांना हसत म्हणाला, "आजी, तुमचे पैसे मी भरतोय बरं का!"

कारकुनाला राहवत नाही. मी त्याला सांगितलं, की शून्य रुपयांच्या तिकिटाचे पैसे सरकार महामंडळाला देतं. त्या बसल्या म्हणजे नोंद होते, बसल्या नाहीत तर होत नाही. तू वर्षातून एकदा येणार, त्या महिन्यातून चार फेऱ्या बसतात. ही गाडी चालली आहे ती त्यांच्यासारख्यांच्या जिवावर, आणि तू तीतून डोंगर बघतो आहेस.

आजींना यातलं किती कळलं कोण जाणे. त्या सरकून बसल्या, खिडकीकडची जागा मोकळी केली आणि मेव्हण्याला म्हणाल्या, "इकडं बस. बघायला आलास ना?"

तो बसला. मी सस्पेन्स खात्यातली ती नोंद अजून काढलेली नाही, मार्चअखेरीला बघू.