नंदी देवळातला आणि नंदी जुवाखालचा

संतसज्जनहो, तळेगाव दाभाड्यास बनेश्वराचे देवालय आहे. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांची समाधीही तिथेच. तेथे काय किंवा दुसऱ्या कोणत्या शिवालयात काय, माणूस आधी नंदीच्या पाठीवर हात ठेवतो, शिंगांवर बोटे टेकवून मधून पिंडीचे दर्शन घेतो आणि मग पुढे जातो. कोणी म्हणेल, आम्ही माळकरी, पांडुरंगाचे. नंदीशी आमचे काय काम? अहो, आपला पांडुरंगच मस्तकी शिवलिंग धारण करून उभा आहे, आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ आहेत. हरिहरांत भेद नाही, तर हराच्या वाहनाचा विचारही आपलाच.

वृषभ म्हणजे धर्म, असे शास्त्र सांगते. भागवताच्या पहिल्या स्कंधात परीक्षिती राजाला एका पायावर उभा असलेला बैल दिसतो आणि राजवेष घेतलेला कली त्याला मारीत असतो. तप, शौच, दया आणि सत्य हे त्या बैलाचे चार पाय. गर्वाने तप मोडले, विषयसंगाने शौच मोडले, मदाने दया मोडली. उरले एक सत्य. मद म्हणजे नुसती दारू नव्हे बरे! हाती आसूड आहे आणि समोरचे जनावर मुके आहे, एवढ्यानेही माणसाला मद चढतो. पैठणास रेड्यावर ओढलेला आसूड ज्ञानोबारायांच्या पाठीवर उमटला, हे आपण कीर्तनात ऐकतो, डोळे पुसतो. मग घरी जाऊन पराणी उचलली, तर ऐकले काय आणि कळले काय?

आपले वाडवडील शहाणे. पोळ्याच्या आदल्या सांजेला ते खांदेमळणी करीत. शिंगांना रंग आणि पाठीवर झूल दुसऱ्या दिवशी. आधी हळद-तूप खांद्याला, कारण जू तिथे बसते. जिथे दुखते तिथे पहिली पूजा. वारीतही तेच. माउलींचा रथ दिवे घाट चढताना जादा बैलजोड्या जुंपतात. रथ देवाचा झाला म्हणून सगळा भार दोनच जिवांवर टाकायचा नसतो.

आता काळ पालटला. तळेगाव-चाकण रस्त्याला कारखाने झाले, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला. शेतकरी म्हणतो, "महाराज, कडबा विकतचा, पोरांच्या फीला पैसा नाही, थकला बैल दावणीला कसा पोसू?" हे गाऱ्हाणे खोटे नाही. त्याला पापी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण हिणवणाऱ्याने कडब्याची एक पेंढी तरी दिली आहे काय? ज्याने आयुष्यभर गाळलेल्या घामाचे धान्य सगळ्या गावाने खाल्ले, त्याच्या म्हातारपणाचा भार एकट्या धन्यावर टाकणे हाही अधर्मच.

म्हणून सांगणे इतकेच. सप्ताहाला आपण घरटी वर्गणी काढतो, पंगती उठवतो. त्याच वर्गणीतून गावात एक गंज थकल्या बैलांसाठी रचावी आणि गरिबाच्या दावणीला तिच्यातला वाटा जावा. मोडलेला दयेचा पाय व्याख्यानाने सांधत नाही; तो असा, पेंढी-पेंढीने सांधतो.

रामकृष्णहरि.