कुलूप दाराला, संशय मनाला

गेल्या वर्षी वसईत आमच्या आळीत घरफोडी झाली. आम्ही लगेच खिडक्यांना ग्रील आणि पडवीत कॅमेरा बसवला. घर राखणं हे कर्तव्यच आहे. पण महिन्याभरात बांगड्या दिसेनात, तेव्हा तोंडी पहिलं नाव आलं ते कामवाल्या मावशींचं. शेजारीपाजारीही बोललो. चौथ्या दिवशी बांगड्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. चोराच्या भीतीने आम्हीच लपवल्या होत्या!

सातवी आज्ञा चोरीविषयी, आठवी खोट्या साक्षीविषयी. चोराला भिऊन आम्हीच आठवी मोडली. माफी मागितली, मावशींनी मोठ्या मनाने केलीही. पण बंधुभगिनींनो, तेवढं पुरे का? ख्रिस्तसभा शिकवते, क्षमा मिळाली तरी भरपाईचं कर्तव्य उरतंच. ज्या ज्या घरी आम्ही त्यांचं नाव घेतलं, त्या प्रत्येक घरी जाऊन आता आमची चूक सांगायची आहे.