मोडी वाचणार कोण?

मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मराठवाड्यापुरते सुरू झालेले काम पुढे राज्यभर पसरले आणि नगर जिल्ह्यातल्या कचेऱ्यांमधलीही जुनी दप्तरे सुटली. जन्म-मृत्यूची रजिस्टरे, कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे असा सगळा पसारा बाहेर आला. त्यातली जुनी पाने मोडी लिपीत. पणजोबांची जात ज्या ओळीत लिहिली आहे ती ओळ पणतूला वाचता येईना, साहेबालाही येईना. एरवी छंदिष्ट समजल्या जाणाऱ्या मोडी वाचकांना एकाएकी मोल आले.

ही वेळ आपोआप आली नाही. बोरू फारसा न उचलता झरझर लिहिता येणारी मोडी ही हिशेबाची आणि पत्रव्यवहाराची लिपी; बाळबोध, म्हणजे देवनागरी, पोथीची. छापखाना आला तेव्हा दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. विल्यम कॅरीने १८१० चा मराठी कोश मोडी टाइपातच छापला. पण पुढे छापखान्याने बाळबोध उचलली. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये नगरमधून सुरू केलेला ‘ज्ञानोदय’ही त्याच वाटेने गेला. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोध ठरवली. शाळांत मोडी त्यानंतरही काही दशके शिकवली जात होती. मग तीही थांबली.

आता मोडीला ‘मराठी अस्मितेची लिपी’ म्हणून गौरवण्याची लाट आहे. तो गौरव अर्धाच खरा आहे. मोडी येत होती ती कुलकर्ण्याला, देशपांड्याला, कारकुनाला आणि सावकाराला. जुन्या महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, पाटील सही करीत नसे, नांगराची निशाणी उठवी. खाली आपली निशाणी आणि वर काय लिहिले आहे ते परक्याच्या तोंडून ऐकायचे, अशी कुणब्याची पिढ्यान्‌पिढ्यांची स्थिती होती. जोतीराव फुल्यांचा भटकुलकर्ण्यांवरचा राग उगाच नव्हता. नगरमधली अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहूनच फुल्यांना पुण्यात तसे काही करण्याची उमेद आली. त्या काळापासून छापील बाळबोध पुस्तक शाळेच्या वाटेने अशा घरांत पोचू लागले, जिथे मोडी कधी पोचली नव्हती. बाळबोधीने कारकुनाची मक्तेदारी मोडली, हे मान्य केले पाहिजे.

चूक झाली ती पुढे. लिपी बदलली, पण जुने दप्तर नव्या लिपीत उतरवून घ्यायची जबाबदारी कुणी घेतली नाही. त्यामुळे जुन्या कागदांपुरती मक्तेदारी संपली नाही, फक्त तिचा मालक बदलला: काल कुलकर्णी, आज मोजके मोडी वाचक. कुणबी दाखल्यासाठी हेलपाटे घालणारा शेतकरी तेव्हाही दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून होता, आजही आहे.

तुर्कस्तानने १९२८ मध्ये अरबी लिपी सोडून रोमन घेतली आणि नव्या पिढीला आजोबांची पत्रे परकी झाली. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला मान दिला. रोमन लिपीत लिहिणारे, बहुतांश ख्रिस्ती कोंकणी भाषक आजही आपली लिपी कायद्याबाहेर राहिल्याची तक्रार करतात. लिपी ठरवताना सरकार सोय आणि एकरूपता पाहते. त्या निर्णयाने कोण कागदाबाहेर पडले, हे मात्र हक्क मागायची वेळ येते तेव्हाच कळते.

२०२४ मध्ये नगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकरांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, आणि त्यांच्या काळचा मराठी राज्यकारभार मोडीत चाले. नामांतरासाठी झटलेल्यांपैकी किती जणांना त्या काळचे एखादे पत्र वाचता येईल?

मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, त्यामुळे तांत्रिक सबब उरलेली नाही. प्रत्येक तालुक्याच्या अभिलेख कक्षात पगारी मोडी वाचक हवा. जुन्या नोंदींची छायाचित्रे बाळबोध लिप्यंतरासह सर्वांसाठी खुली हवीत. पाट्या बदलण्यावर जेवढा खर्च होतो, त्यातला थोडा वाटा शासनाने या कामाला द्यावा.