पाटीवरचं अक्षर

नागपूरच्या सक्करदऱ्यात उमरेड रोडलगत एका पेंटरकाकांचं दुकान होतं. एका संध्याकाळी एक मालक आपला ट्रक घेऊन आला. त्यातून आजवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे कॅन जात. उद्यापासून सल्फ्युरिकचे जाणार होते.

"धोक्याच्या पाटीवरचं मालाचं नाव तेवढं बदला काका. खालचा १७८९ अन् २आर राहू द्या. पहाटे लोडिंग आहे. अ‍ॅसिड ते अ‍ॅसिडच!"

"आधी कागद दाखवा," काका म्हणाले.

ड्रायव्हर पोरगा केबिनमधून मालाचं माहितीपत्रक घेऊन आला. त्यावर होतं : मालाचा क्रमांक १८३०, कोड २पी.

"एका अक्षरानं का होते?" मालक वैतागला.

"लय होते, सेठ. दोन म्हणजे आग विझवताना पाण्याचे बारीक तुषार. आर असो की पी, अंगभर संरक्षक पोशाख लागतेच. पण पी असला म्हणजे माल उसळू शकते. तीव्र सल्फ्युरिकवर पाण्याची धार पडली तर ते उकळून धार मारणाऱ्याच्याच अंगावर येते."

काकांनी हे नागपूरच्याच राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात ऐकलं होतं. तिथे ते १४ एप्रिलच्या स्मृती-कार्यक्रमाचे फलक रंगवायला जात. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. पण स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा त्यावर चढवलेला नव्हता. ही गोष्ट काकांच्या मनातून कधी गेली नाही.

"नाहीतर दुसरीकडं न्या," ते शांतपणे म्हणाले. मालक धुसफुसत थांबला. काकांनी आकडा, अक्षर, माल पाठवणाऱ्याचा फोन नंबर, सगळं नव्यानं लिहिलं.

काही महिन्यांनी बुधवार बाजाराच्या दिवशी तोच ट्रक सक्करदरा चौकाजवळ कलंडला. असा माल बाजाराच्या वेळी वस्तीतून नेणंच मुळात चूक होतं. कॅन फुटून अ‍ॅसिड रस्त्यावर वाहू लागलं. पोरगा बेशुद्ध, त्याला लोकांनी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हलवलं. आत काय आहे, हे सांगणारं तिथे कुणी उरलं नव्हतं.

अग्निशमन दलाची गाडी आली, पाइप उलगडले गेले. इतक्यात त्यांच्या प्रमुखानं पाटी वाचली आणि तो ओरडला, "पाणी थांबवा!" मग वाळूचा बांध घालून अ‍ॅसिड नालीत जाण्याआधीच अडवलं, भाजीवाल्यांना आणि गर्दीला वाऱ्याच्या उलट बाजूला नेलं, पाटीवरच्या नंबरावर फोन लावला. पोरगा वाचला. दलाच्या एकाही जवानाला अ‍ॅसिडचा थेंब लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकानं आपले बाकीचे ट्रकही दुकानासमोर उभे केले. या वेळी प्रत्येकाचं माहितीपत्रक त्यानं न विचारता पुढे केलं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या प्रत्येक वाहनावर ही पाटी सक्तीची आहे. तुमच्या वस्तीत पाटी पुसलेला किंवा झाकलेला असा ट्रक उभा दिसला, तर दुर्लक्ष करून पुढे जाऊ नका. ११२ वर कळवा.