हात पोचेल तिथे

माणसाजवळ किती आहे, हे आपण चटकन विचारतो. जे आहे ते वेळेला हाती लागते का, हे सहसा कोणी विचारत नाही. हा दुसरा प्रश्न मला एखाद्या पोथीने नव्हे, तर लहानशा विमानाच्या टाक्यांनी शिकवला, असे सांगितले तर सोयगावातले माझे विद्यार्थी हसतील. हसू देत.

हौसेने घरी विमान बांधणे ही आता केवळ परदेशची नवलाई नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला गच्चीवर सहा आसनांचे विमान उभारले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. अशा लहान विमानांत इंधन बहुधा दोन पंखांतल्या दोन टाक्यांत असते. पंख माथ्यावर असले तर ते आपल्या वजनाने खाली उतरते. पंख खाली असले की पंपाने ओढावे लागते. आणि दोन्ही टाक्या एकदम जोडल्या तर अनर्थ ओढवतो. एक रिकामी झाली की पंप तिच्यातली हवाच ओढत बसतो, आणि शेजारची टाकी भरलेली असून इंजिन उपाशी मरते! म्हणून मध्ये एक कॉक असतो : डावी किंवा उजवी. ज्याने जुन्या स्कूटरचा ‘रिझर्व्ह’ फिरवला आहे, त्याला अधिक सांगणे नलगे.

अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अशाच एका विमानातून कॅलिफोर्नियाच्या समुद्रात कोसळून गेला. विमान दुसऱ्याने बांधलेले, त्याने नुकतेच घेतलेले. मूळ आराखड्यात कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. बसण्याच्या जागेत इंधन नको, हा त्याचा हेतू भलाच होता. पण कॉक फिरवायला अंग मागे वळवावे लागे, आणि वळताना उजवा पाय नकळत सुकाणूच्या पायटीवर दाबला जाई. त्याच खटपटीत विमान हातचे गेले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

मग दोष कोणाचा? कॉक अडचणीचा आहे हे डेन्व्हरला उड्डाणापूर्वी ठाऊक होते. तेव्हा तो अगदी निर्दोष नव्हे. तरीही माझे मन बांधणाऱ्यापाशी अडते. वस्तू विकता येते, तिची सवय विकता येत नाही. आपण जे रचतो ते उद्या परक्या हाती जाणार, याचा विचार नसेल तर भला हेतूही अपुरा पडतो.

आमच्या भागातला एक कष्टाळू शेतकरी अचानक वारला. त्याने विमा उतरवला होता, हप्तेही चुकवले नव्हते. पण घरात कोणाला सांगितले नव्हते. मुलगी शाळा सोडून कापूस वेचायला गेली. दोन वर्षांनी पेटीच्या तळाशी कागद सापडला. टाकी भरलेली होती हो! त्या बापाला निष्काळजी कसे म्हणावे? त्याने साठवले ते प्रेमानेच. पण प्रेमाचे काम साठवण्याने अर्धेच होते. उरलेले अर्धे सांगण्यात असते.

लक्ष्मीपूजनाला आपण तिजोरीला हळदकुंकू वाहतो. यंदा ते झाल्यावर घरातल्या सगळ्यांना, धाकट्या सुनेला आणि शाळकरी पोरालासुद्धा, जवळ बसवावे आणि कोणता कागद कुठे आहे, किल्ली कुठे असते, हे सांगून टाकावे. फराळ तोवर थांबेल.