फर वृक्ष आणि आपलें अंगण

(वाचावें: यशया ५५:६-१३)



यशया संदेष्ट्याच्या या अध्यायाच्या अखेरीस देव आपल्या लोकांस असें अभिवचन देतो कीं, जेथें आज केवळ कांटे माजले आहेत तेथें एके दिवशीं सदाहरित वृक्ष उभा राहील. १६११ सालीं छापलेल्या इंग्रजी शास्त्रांत या वृक्षास 'फर' म्हटलें आहे. आपल्या मराठी शास्त्रांत 'सरू' असा शब्द आहे. मूळ इब्री शब्द सरूच्या जातीच्या झाडांविषयीं असावा, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. तथापि लबानोनाच्या उत्तरेकडील डोंगरांवर खरा फरही वाढतो.

नाताळचा सण जवळ आला म्हणजे चित्रांतील बर्फाच्छादित फर पाहून आपल्या मंडळ्यांस वाटतें कीं, असें एक झाड आपल्या मंदिराच्या आवारांत असतें तर किती बरें! या इच्छेंत वाईट कांहीं नाहीं. परंतु झाड लावणें म्हणजे एक जीव आपल्या हवालीं करून घेणें होय. सबब फर वृक्षाच्या देशांतील लोक आपल्या अंगणासाठीं तो कसा निवडितात व कसा वाढवितात हें आपण प्रथम पाहूं, आणि मग आपणांस कोणता बोध घ्यावयाचा याचा विचार करूं.

पहिली गोष्ट ओळखीची. फर, स्प्रूस व पाइन या तीन झाडांत लोक घोटाळा करितात, कारण तिन्हींचीं पानें सुईसारखीं असतात. पाइनच्या सुया बहुधा दोन, तीन अथवा पांच अशा जुडग्यांनीं येतात. फर व स्प्रूस यांची प्रत्येक सुई एकेकटी असते. स्प्रूसची सुई ताठ असून बोटांस टोंचते, व ती गळल्यावर डहाळीवर बारीक खुंटी राहते. फरची सुई बहुधा चपटी व मऊ असते, आणि ती काढली असतां गुळगुळीत वाटोळा वण तेवढा राहतो. स्प्रूसचीं फळें खालीं लोंबतात. फरचीं फळें मेणबत्तीप्रमाणें फांदीवर उभीं असतात, व पिकल्यावर झाडावरच विस्कटून जातात. झाड फळावरून ओळखावें, असें आपल्या प्रभूनें शिकविलें आहे. पुण्यामुंबईच्या रोपवाटिकांत 'ख्रिसमस ट्री' म्हणून जें झाड बहुधा विकलें जातें तें फर नव्हे. तें अरौकेरिया होय, आणि त्याचें मूळ घर पॅसिफिक महासागरांतील नॉरफोक व न्यू कॅलिडोनिया या बेटांवर आहे. नांवावर भुलणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें.

दुसरी गोष्ट निवडीची. सर्व फर एका स्वभावाचे नाहींत. बाल्सम फर हा कानडा देशाचा व अमेरिकेच्या ईशान्य भागाचा रहिवासी. त्यास थंडी व ओलावा हवा. फ्रेझर फर अमेरिकेच्या अपालाचियन पर्वताच्या दक्षिण भागांत, उंच माथ्यांवर आढळतो. त्याची ठेवण सुबक, आणि तोडल्यावरही सुया बरेच दिवस टिकतात, म्हणून नाताळांत त्यास मोठी मागणी असते. परंतु त्यास आम्ल व उत्तम निचऱ्याची जमीन लागते. पाणी सांचलें कीं त्याचीं मुळें कुजतात. पश्चिम अमेरिकेच्या डोंगरांतला निळसर काँकलर फर इतरांपेक्षां ऊन व कोरडेपणा अधिक सोसतो, तरी भारी चिकण माती त्यासही मानवत नाहीं. सबब तेथील शहाणा माळी रोपाचें रूप पाहण्यापूर्वीं जमिनीचा निचरा पाहतो. तो फूटभर खड्डा खणून पाण्यानें भरतो, आणि तें किती वेळांत जिरतें हें पाहतो. शिवाय हातभर रोप लावतांना तो पन्नास फूट उंचीचें झाड मनांत आणितो, आणि घराच्या भिंतीपासून तितकें अंतर राखतो.

तिसरी गोष्ट संगोपनाची. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट अथवा तिप्पट रुंद, परंतु गड्ड्याहून खोल नसावा. बुंधा जेथें मुळांकडे रुंदावतो तो भाग मातीखालीं पुरूं नये. वर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरावा, पण तो बुंध्यास टेकूं देऊं नये. पहिलीं वर्षें कोरड्या दिवसांत पाणी द्यावें. शेंडा छाटूं नये. आणि खालच्या फांद्या विचारावांचून तोडूं नयेत, कारण जुन्या उघड्या लांकडास पुन्हां पालवी फुटत नाहीं. माणसाच्या उंचीचा फर होण्यास बहुधा सातआठ वर्षें किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ज्यास एका पावसाळ्यांत फळ पाहिजे त्यानें फर लावूं नये, आणि त्यानें उपदेशकाचें कामही पत्करूं नये.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. युरोपांतून रोपांबरोबर आलेला एक कीटक, मिलिमीटरभरही लांब नसलेला, १९५७ सालीं नॉर्थ कॅरोलायनांतील मिचेल पर्वतावर आढळला. पुढील थोड्या दशकांत त्या पर्वतांवरील बहुतेक मोठे फ्रेझर फर वाळून उभे राहिले. ज्या वृक्षांस वादळ व बर्फ यांनीं पाडलें नाहीं त्यांस डोळ्यांस क्वचितच दिसणाऱ्या किड्यानें मारिलें. मंडळींतील कुजबूज, जुना हेवा आणि न फेडलेलें लहानसें देणें यांविषयीं आपण याहून निराळें समजूं नये.

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. फर आपल्या देशास परका नाहीं. हिमाचलांत 'तोश' नांवाचा फर आहे. पण तो सुमारे २००० मीटरांच्या वर वाढतो. महाराष्ट्राचें सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे आपला माथाही त्याच्या उंबरठ्यास पोंचत नाहीं. आपली काळी जमीन चुनखडीची, आणि वैशाखाचें ऊन प्रखर. तेथें फर लावणें म्हणजे त्यास मरावयास बसविणें होय, आणि मंडळीनें मूठमूठ धान्यांतून जमविलेला पैसाही त्याबरोबर वाळेल. आपल्यांतील जीं कुटुंबें आज अमेरिकेंत अथवा कानडांत राहतात त्यांनीं तेथें आनंदानें फर लावावा.

नाताळच्या झाडाची चाल जर्मन लोकांकडून आली. स्ट्रासबुर्ग येथील १६०५ सालच्या वृत्तांतांत घरांत सजविलेल्या फर वृक्षांचा उल्लेख आहे. ती सुंदर चाल आहे, पण ती शास्त्राची आज्ञा नाहीं. आपल्या आवारांतील कडुलिंबास चांदणी टांगल्यानें प्रभूचा जन्म यत्किंचितही उणा होत नाहीं. शेजारी आपणांस म्हणतात, 'तुमचा धर्म परदेशी आहे.' ज्या लिंबाखालीं वाटसरू विसावतो, मुलें अक्षरें गिरवितात आणि सर्व जातींचे लोक एका सतरंजीवर बसतात, त्या लिंबाची सावली या आक्षेपास आमच्या शब्दांहून चांगलें उत्तर देईल.

म्हणून बंधुभगिनींनो, या पावसाळ्यांत प्रत्येक मंडळीनें आपल्या जमिनीस साजेसें एक झाड लावावें: लिंब, करंज, चिंच किंवा आंबा. त्याच्या भोंवतीं कुंपण घालावें, आणि पाणी घालण्याची पाळी नांवनिशीवार ठरवावी. ज्या देवानें तोशास बर्फ व लिंबास ऊन नेमून दिलें, त्यानें आपणांसही आपल्याच गांवीं रोंविलें आहे. तेथेंच आपलीं मुळें खोल जावोत, आणि कांट्यांच्या जागीं सावली होवो. आमेन.